प्रमाणापेक्षा साठवण महत्त्वाची : एका प्रतिक्रियेला उत्तर

सविनय नमस्कार.

टू-स्ट्रोक डर्ट बाइकसाठी पेट्रोल आणि टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचे वंगण) यांचे मिश्रण कसे करावे व कसे ठेवावे, या माझ्या लेखावर आपण परखड आणि सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभारी आहे. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात मांडतो. आपण आरएक्स १००चा ऑइल पंप काढून टाकून वर्षानुवर्षे टाकीतच अंदाजाने ऑइल ओतले आणि गाडी कधी जाम झाली नाही. ऑइल थोडे जास्त पडले तर इंजिनचे भलेच होते. प्लास्टिकच्या कॅनमध्ये मिश्रण महिनोन्‌महिने राहिले तरी बिघडत नाही. म्हणून मोजपात्र, धातूचा कॅन आणि ताजे मिश्रण हा माझा आग्रह नवशिक्यांना घाबरवणारा आणि ऑइल कंपन्यांच्या पथ्यावर पडणारा आहे, असा आपला आक्षेप आहे.

प्रमाणाबाबतचे आपले अर्धे म्हणणे मला मान्य आहे. एका लिटर पेट्रोलमध्ये ४०:१च्या (४० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल) हिशेबाने २५ मिली ऑइल पडते, ३२:१ने ३१ मिली आणि ६०:१ने जेमतेम १७ मिली. काही कंपन्यांची पुस्तिका ३०:१ सांगते, काहींची ६०:१, आणि दोन्ही इंजिने नीट चालतात, कारण तो आकडा त्या इंजिनाचा, त्या ऑइलचा आणि कार्ब्युरेटरच्या त्या जेटिंगचा (इंधन सोडणाऱ्या जेटच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या, मापाचा) मिळून ठरलेला असतो. पाच-सहा मिली इकडेतिकडे झाले म्हणून पिस्टन धरत (जाम होत) नाही. परंतु ‘जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षितता’ हे आपले विधान मात्र मला पटत नाही. जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात ऑइल पेट्रोलची जागा घेते. ४०:१ऐवजी २०:१ केले की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल सुमारे अडीच टक्क्यांनी कमी जाते आणि गाडी लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते आणि इंजिन जास्त तापते. सायलेन्सरमधून धूर भरपूर निघतो, प्लग काळा पडतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की गाडी रिच, म्हणजे जास्त इंधनावर, चालते आहे. मग तो जेट लहान करतो, म्हणजे नेमके उलटे करतो.

एरवी हे अडीच टक्के मी मनावर घेतले नसते. पण आपली आरएक्स ज्या पेट्रोलवर धावली ते आता पंपावर मिळत नाही. आज मिळते ते ई२०, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले. (इथेनॉलचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता आपल्याच शहराचा खासदार आहे, तेव्हा नागपूरकरांनी तरी हे रसायन समजून घ्यायला हवे.) शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. कार्ब्युरेटरला हा फरक कळत नाही. तो पूर्वीच्याच जेटमधून पूर्वीइतकेच इंधन सोडतो आणि मिश्रण लीन पडते. त्यात वरून जास्तीचे ऑइल ओतले की दोन्ही गोष्टी एकाच दिशेने ओढतात. आपल्याकडच्या मे महिन्यात हवा तापून विरळ झालेली असल्याने हा लीनपणा थोडा झाकला जातो. डिसेंबरच्या पहाटे नागपूरजवळ कळमेश्वरच्या बाजूला गाडी काढली की तो उघडा पडतो. उन्हाळ्यात ठीक वाटलेली गाडी थंडीत का तापते, याचे उत्तर पुष्कळदा इथे असते. ऑइल वाढवणे हा त्यावर उपाय नव्हे; मेन (मुख्य) जेट एखाद्या नंबरने मोठा करून प्लगचा रंग पाहावा.

आता साठवणीकडे येतो, कारण आपल्या प्रतिक्रियेतील खरा धोकादायक भाग तो आहे. आपला अनुभव खोटा नाही, परंतु तो रोज वापरात असलेल्या गाडीचा आहे. टाकीत ऑइल पडले की चार-सहा दिवसांत ते जळून जात होते. डर्ट बाइक महिन्यातून एकदोनदा निघते आणि उरलेले मिश्रण मधल्या काळात टिनाच्या शेडखाली पडून असते.

इथेनॉल पाणी धरून ठेवते आणि एका मर्यादेपर्यंत ते इंधनात विरघळलेले ठेवते. ती मर्यादा ओलांडली, किंवा उकाड्यात विरघळलेले पाणी पहिल्या पावसाच्या गारव्यात मावेनासे झाले, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टू-टी ऑइल मात्र त्यांच्याबरोबर खाली जात नाही. ते वरच्या पेट्रोलमध्येच राहते. म्हणजे तळाच्या थरात वंगण जवळजवळ नसते, आणि टाकीचा कॉक (पेट्रोलचा नळ) इंधन घेतो ते तळाकडूनच. रिझर्व्हवर घेतलेली गाडी तर अगदी बुडातले ओढते. चार-स्ट्रोक गाडी अशा वेळी फटफट करून बंद पडते, कारण तिचे ऑइल इंजिनाच्या तळाशी वेगळे साठवलेले असते. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या बेअरिंगला आणि पिस्टनला जे काही वंगण मिळते ते या इंधनातूनच, त्यामुळे बंद पडण्याआधीचे काही क्षण ती कोरडी फिरते.

पटत नसेल तर घरी पाहता येईल. मोकळ्या हवेत, विडी-काडीपासून दूर, १०० मिलीच्या काचेच्या उभ्या मोजपात्रात रंगीत ऑइल घातलेले ८० मिली मिश्रण आणि २० मिली पाणी घ्यावे, तोंड बंद करून हलवावे, हळूच झाकण सैल करून वाफ सोडावी आणि पात्र स्थिर ठेवावे. सुरुवातीला सगळे गढूळ दिसते. थोड्या वेळाने मधली रेषा स्पष्ट होते, आणि ती २० वर न राहता ३५च्या आसपास चढलेली असते. वाढलेला भाग हा पेट्रोलमधून खाली उतरलेल्या इथेनॉलचा. ऑइलचा निळा किंवा लाल रंग वरच्या थरात राहिलेला दिसतो. ते इंधन नंतर अर्थातच गाडीत घालू नये.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की घट्ट झाकणाच्या, भरलेल्या कॅनमध्ये केवळ दमट हवेने हे सहसा घडत नाही, आणि ई२० हे ई१०पेक्षा अधिक पाणी सामावून घेते. घडते ते अर्धवट रिकाम्या कॅनमध्ये, सैल बुचामुळे, गाडी धुताना टाकीच्या झाकणातून पाणी झिरपल्यामुळे. पण एकदा घडले की ई२०मध्ये तळाला बसणारा थर ई१०पेक्षा मोठा असतो. शिवाय पाणी शिरले नाही तरी पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात आणि गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते. म्हणून मी लेखात मिश्रण ठेवण्याची तीन आठवड्यांची मर्यादा लिहिली, आणि नवतपाच्या (मेअखेरच्या कडक उन्हाच्या) दिवसांत तीही मला जास्त वाटते.

प्लास्टिकच्या कॅनबद्दल. हा माझ्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. पेट्रोलियम अधिनियम, १९३४च्या कलम ८ प्रमाणे विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय जवळ ठेवता येते, परंतु ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात असावे लागते; काचेचे वा चिनी मातीचे भांडे १ लिटरपेक्षा आणि धातूचे २५ लिटरपेक्षा मोठे चालत नाही. या विषयातील देशाची नियामक संस्था ‘पेसो’ (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना) हिचे मुख्यालय आपल्या नागपुरातल्या सेमिनरी हिल्सवर आहे, त्यामुळे इथे बसून ‘सगळेच वापरतात’ हा युक्तिवाद जरा विनोदी वाटतो. व्यवहारातले कारणही आहे. तापमान २० अंशांनी वाढले की २० लिटर पेट्रोल साधारण ४०० मिलीने फुगते. काठोकाठ भरलेला कॅन सकाळी गार असताना ठीक दिसतो आणि दुपारी बुचातून पाझरतो. वरती थोडी जागा सोडावी आणि कॅन पंपावर भरताना गाडीच्या डिक्कीत न ठेवता जमिनीवर ठेवावा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोका कमी होतो. आणि कृपया तो कूलर असलेल्या खोलीत ठेवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने फरशीवरून पसरते, आणि कूलरची मोटर व स्विच तिथेच असतात.

ऑइल कंपन्यांच्या जाहिरातीबद्दल एवढेच की मी कोणत्याही ब्रँडचे नाव घेतलेले नाही. जासो (जपानी मानक) एफडी किंवा एफसी असा दर्जा डब्यावर पाहावा, इतकेच म्हटले होते. बोटीच्या इंजिनासाठीचे टीसी-डब्ल्यू ३ ऑइल स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये, कारण ते पाण्याने थंड राहणाऱ्या, तुलनेने कमी तापणाऱ्या इंजिनांसाठी बनवलेले असते.

शेवटी आपण विचारले आहे की मग उरलेले मिश्रण फेकून द्यायचे का. मुळात एका दिवसाला पुरेल तेवढेच करावे. पाच लिटर पेट्रोल घ्यायचे असेल तर त्याहून मोठ्या कॅनमध्ये आधी अर्धे पेट्रोल, मग ४०:१च्या हिशेबाने मोजून १२५ मिली ऑइल, चांगले हलवून नंतर उरलेले पेट्रोल, आणि कॅनवर तारीख व प्रमाण लिहिलेली पट्टी. तरीही दोन-तीन आठवड्यांचे थोडे उरले आणि काचेच्या बाटलीत ओतून पाहिल्यावर तळाशी वेगळा थर दिसला नाही, तर त्याच प्रमाणाच्या ताज्या मिश्रणात थोडे थोडे मिसळून संपवावे. थर दिसला तर ते गाडीच्या कामाचे नाही. नालीत न ओतता ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे जळक्या ऑइलच्या पिंपाबद्दल विचारावे, पण त्यात पेट्रोल आहे हे त्याला आधी सांगावे. गाडी उभी करताना कॉक बंद करून कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करावी, कारण तिथले पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहणारे चिकट ऑइल पायलट जेट (मंद गतीला इंधन देणारे बारीक छिद्र) बुजवते, आणि पुढच्या वेळी किक मारून मारून पाय दुखेपर्यंत त्याचे कारण सापडत नाही.