एकदाच आलेला पैसा

अचानक पैसे हातात आले की घरात पहिला प्रश्न निघतो, "काय घ्यायचं?" मग ते पैसे बोनसचे असोत, पगाराच्या थकबाकीचे, वाटणीतले किंवा बुडीत धरलेली उसनवारी परत आल्याचे. माझं मत रुक्ष वाटेल, तरी सांगतेच. जी वस्तू घरात आल्यावर दर महिन्याला नवा खर्च सुरू करते, ती या पैशातून घेऊ नये.

मोठी गाडी हे नेहमीचं उदाहरण. आलेली रक्कम डाउन पेमेंटला जाते, बाकीचं कर्ज. पुढे विमा, सर्व्हिसिंग, इंधन आहेच. पैसे आले एकदा, हप्ता बसला पाच वर्षं. पैसे येण्याआधी महिनाअखेरीला जेवढं शिल्लक पडत होतं, तेवढंही आता पडत नाही. तरी बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, यांचं बरं चाललंय!

पगारातून खर्च करताना आपला हात आखडतो आणि अवचित आलेले पैसे मात्र सढळ हाताने जातात. या वागण्याला रिचर्ड थेलर यांनी 'मेंटल अकाउंटिंग' म्हटलं. 2017 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या कामाचाही वाटा होता. पैसा कुठून आला यावरून आपण मनात त्याचं वेगळं खातं उघडतो. बँकेत मात्र सगळे एकाच खात्यात पडलेले असतात.

म्हणून आधी त्यावर कर किती बसणार ते बघून तेवढे बाजूला काढावेत आणि उरलेले महिना-दोन महिने साध्या ठेवीत पडू द्यावेत. पहिल्या आठवड्यातला उत्साह तेवढ्यात ओसरतो.

कर्ज असेल तर माझ्या मते फार चर्चा नकोच. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिना 3 टक्क्यांनी चढत असेल, तर चक्रवाढीने वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जाते. तेवढा खात्रीचा परतावा देणारी गुंतवणूक कुणी दाखवलीच, तर त्याच्यापासून लांब राहावं. घराच्या कर्जाचं गणित थोडं वेगळं. 20 वर्षांचं, 9 टक्क्यांचं कर्ज असेल, तर पहिल्या हप्त्यातला सुमारे 83 टक्के भाग नुसत्या व्याजात जातो. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत मुद्दल फेडलं तर फायदा मोठा, शेवटच्या दोन-तीन वर्षांत तितका नाही. पण सगळेच पैसे कर्जात घालून हात रिकामे करू नयेत. नोकरी गेली तर फेडलेलं मुद्दल बँक परत देत नाही. तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला हवा.

आता खरी भांडणं होतात त्या विषयाकडे येते. ठरवायचं कुणी? ज्याच्या नावावर पैसे आले तो म्हणतो "माझे", आणि घरात ज्याचा आवाज मोठा तो म्हणतो "आपले". मधे एक माणूस गप्प असतो. दातांचं काम, चष्मा, गुडघ्याचं दुखणं, "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत त्याने कित्येक महिने ढकललेले असतात. बहुतेक घरांत ती आई असते किंवा आजी. यादी करायची तर या माणसापासून सुरू करा, आणि "तुला काय हवंय?" असं विचारू नका, उत्तर "काही नको" असंच येणार. "कोणतं काम लांबणीवर टाकलंयस?" असं विचारा.

मुलांनाही बैठकीत बसवावं, निदान मोठ्यांना तरी. नातेवाइकांना मात्र आकडा सांगायची गरज नाही. कुणी उसने मागितलेच, तर परत आले नाहीत तरी संबंध टिकेल एवढीच रक्कम द्यावी.

थोडे पैसे मौजेसाठीही काढावेत, अगदी निर्लज्जपणे. सगळंच शहाणपणाने वापरायचं म्हटलं तर घरातले पुढच्या वेळी पैसे आल्याचं सांगणारच नाहीत! मौज कशाची यावर नवराबायकोचं एकमत होत नसेल, तर त्या भागाचे सरळ दोन वाटे करा. ज्याने त्याने आपला वाटा हवा तसा उडवावा, दुसऱ्याने हिशोब विचारायचा नाही.