दहा रुपयांचा शेअर स्वस्त? आधी शेअर किती आहेत ते बघा

'हे पाच नियम पाळा, शेअर बाजारात कधीच फसणार नाही' हा मेसेज मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. मुलुंडच्या आमच्या आत्याला तो आला आणि निवृत्तीच्या पैशांतून दहाच्या आतले शेअर भरून ठेवू का, असं तिने विचारलं. म्हणून हे लिहितोय.

पहिला नियम: दहा रुपयांच्या आतला शेअर स्वस्त, हजारांतला महाग. निव्वळ बकवास. एमआरएफचे एकूण शेअर साधारण 42 लाख 41 हजार. भाव 1 लाख धरा, अख्खी कंपनी झाली 42,400 कोटींची. व्होडाफोन आयडियाच्या शेअरांची संख्या 10,800 कोटींच्या वर. भाव 10 रुपये धरला तरी कंपनीची किंमत 1 लाख 8 हजार कोटी. शिवाय एमआरएफ नफ्यात, तर व्होडाफोन आयडिया 2018 च्या विलीनीकरणापासून 2024-25 पर्यंत दरवर्षी तोट्यात. मग महाग कोण? एवढे शेअर झाले कसे, तेही बघा. एप्रिल 2024 मध्ये 11 रुपयांनी 18,000 कोटींचा एफपीओ (बाजारात आधीच असलेल्या कंपनीने लोकांना नव्याने शेअर विकणं) आला. एप्रिल 2025 मध्ये सरकारने 36,950 कोटींच्या थकबाकीच्या बदल्यात 10 रुपयांनी शेअर घेतले. दर वेळी जुन्या भागधारकाचा वाटा आणखी पातळ झाला.

दुसरा: पी/ई (भाव भागिले एका शेअरमागची वर्षाची कमाई) दहाच्या खाली दिसला की डोळे झाकून घ्या. हा सगळ्यात घातक, कारण यात अर्धं खरं आहे. एकाच धंद्यातल्या दोन कंपन्या ताडून बघायला पी/ई उपयोगी पडतो, मान्य. पण भागाकारात खाली बसलेली कमाई टिकणारी आहे का, हे तो सांगत नाही. मार्च 2022 अखेर टाटा स्टीलचा पी/ई चारच्या आसपास होता. त्या वर्षी एकत्रित नफा सुमारे 41,700 कोटी. पुढच्या वर्षी तो 8,000 कोटींवर आला आणि 2023-24 मध्ये सुमारे 4,900 कोटींचा तोटा. पोलाद, साखर, सिमेंट अशा चढउतारांच्या धंद्यात पी/ई सगळ्यात कमी दिसतो तो बहुधा नफा शिखरावर असताना.

दुसरी गोम एकदाच आलेल्या पैशांची. समजा चार तिमाह्यांचा ईपीएस, म्हणजे एका शेअरमागची कमाई, 4, 5, 4 आणि 22. बेरीज 35, भाव 280, पी/ई 8. पण त्या 22 मधले 17 रुपये गिरणीची जमीन विकून आलेले. ते वगळा: ईपीएस 18, पी/ई साडेपंधरा. अ‍ॅपवर तो आठच दिसत राहील. म्हणून बीएसईच्या साइटवर कंपनीच्या निकालाची पीडीएफ उघडा. स्टँडअलोन (एकट्या कंपनीचा) सोडून कन्सॉलिडेटेड (उपकंपन्या धरून) रकाना घ्या, 'एक्सेप्शनल आयटम्स'ची, म्हणजे एकदाच घडलेल्या गोष्टींची ओळ वाचा. मग 'अदर इन्कम' (मुख्य धंद्याबाहेरचं उत्पन्न) अचानक फुगलंय का ते बघा, कारण जमिनीचा पैसा कधीकधी तिथेही दडवतात. शेवटी वार्षिक निकालातलं कॅश फ्लोचं, म्हणजे रोकड आली-गेली त्याचं पान. नफा दरवर्षी वाढतोय आणि धंद्यातून रोकड येत नाहीये, तर तो नफा कागदावरचाच.

तिसरा: बोनसच्या आधी घ्या, फुकट शेअर मिळतात. लादीचे पाव सुटे केले म्हणून लादी वाढत नाही. एकास एक बोनस असेल तर एक्स-डेटला (त्या दिवसापासून घेणाऱ्याला बोनस मिळत नाही) भाव साधारण निम्म्यावर येतो. वर रेकॉर्ड डेटच्या (त्या दिवशी शेअर नावावर असतील त्यालाच बोनस) आधीच्या तीन महिन्यांत घेतलेले मूळ शेअर नंतर नऊ महिन्यांच्या आत तोट्यात विकले आणि बोनसचे हातात असले, तर तो तोटा करासाठी धरला जात नाही.

चौथा, लाभांश म्हणजे वरकमाई. एक्स-डेटला भाव साधारण तेवढा उतरतो आणि 2020 पासून लाभांशावर तुमच्या स्लॅबनेच कर लागतो.

पाचवा: भाव बुक व्हॅल्यूच्या (मालमत्तेतून देणी वजा करून एका शेअरमागे उरते ती रक्कम) खाली असेल तर पैसे बुडत नाहीत. बुक व्हॅल्यूत न खपलेला माल आणि न येणारी उधारीही धरलेली असते. 2021-22 पासूनच्या ताळेबंदात येणी किती जुनी आहेत त्याचा तक्ता द्यावाच लागतो. त्यात 'तीन वर्षांहून जास्त' या रकान्यातल्या आकड्यातून आधीच केलेली तरतूद वगळा, उरलेल्याला एकूण शेअरांनी भागा, ते बुक व्हॅल्यूतून वजा करा आणि मग भावाशी ताडा.