उडदामाजी गोरे कसे निवडावे

मालक, अभिनंदन! अमेरिकन फुटबॉलची अख्खी टीम विकत घेतलीत, एनएफएल म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या लीगच्या 32 टीमवाल्यांच्या पंगतीत जाऊन बसलात, आता हेड कोच नेमायचाय. मैदानावर आपटून घेणारे निम्म्याहून जास्त खेळाडू काळे आहेत, त्यामुळे कोचही अधूनमधून काळा असावा अशी काही लोकांची उगाच अपेक्षा असते. घाबरू नका. आधीच्या मालकांनी वाट मळवून ठेवलीय, तुम्ही फक्त मागोमाग चालायचं.

आधी रूनी रूल समजून घ्या. 2002 मध्ये दोन वकिलांनी, त्यातले एक खुनाचा आरोप असलेल्या माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनची केस लढवणारे जॉनी कॉक्रन, रिपोर्ट काढला की काळे कोच जास्त जिंकून देतात तरी त्यांना नोकरी मिळते उशिरा आणि जाते लवकर. कोर्टाचं लचांड नको म्हणून 2003 पासून नियम आला, हेड कोच नेमण्याआधी निदान एका अल्पसंख्याक उमेदवाराचा इंटरव्ह्यू घ्यायचाच, पुढे टीमबाहेरचे दोन उमेदवार झाले. आता नीट वाचा, इंटरव्ह्यू घ्यायचा असं लिहिलंय, नोकरी द्यायची असं कुठंही लिहिलेलं नाही. म्हणजे मुलगी ठरलीय, हॉल बुक झालाय, पत्रिका छापायला गेल्यात, तरी आणखी एका घरी जाऊन कांदेपोहे खायचे, "कळवतो" म्हणायचं आणि निघायचं. डेट्रॉइट टीमचे प्रेसिडेंट मॅट मिलन यांना एवढंही जमलं नाही, बोलावलेले काळे उमेदवार फिरकलेच नाहीत, कारण नोकरी गोऱ्या स्टीव्ह मारियुचीला जाणार हे गावभर झालेलं, मग 2003 मध्ये 2 लाख डॉलर दंड बसला. तुमच्यासाठी चिल्लरच आहे म्हणा.

फोन मात्र जपून वापरा. जानेवारी 2022 मध्ये काळा कोच ब्रायन फ्लोरेसचा न्यूयॉर्क जायंट्स टीमकडे हेड कोचसाठी इंटरव्ह्यू होता, त्याच्या तीन दिवस आधीच त्याला त्याचे जुने बॉस, न्यू इंग्लंडचे तेव्हाचे कोच बिल बेलिचिक यांचा अभिनंदनाचा मेसेज आला, तुझंच पक्कं झालंय म्हणे. फ्लोरेसने विचारलं, कोच, तुम्ही फ्लोरेसशी बोलताय की ब्रायन डेबॉलशी? मग बेलिचिकना कळलं की मेसेज भलत्याच ब्रायनला गेलाय, आणि त्यांनी माफी मागितली. फ्लोरेस तरीही इंटरव्ह्यू देऊन आला, नोकरी गोऱ्या डेबॉलला मिळाली, जायंट्स म्हणाले आमचं आधी काहीच ठरलं नव्हतं, आणि फ्लोरेसने लीगवर वर्णभेदाची केस ठोकून सगळे मेसेज कागदपत्रांत लावून टाकले. तेव्हा मालक, कॉन्टॅक्ट आडनावासकट सेव्ह करा.

अनुभवाची अट रबरासारखी ठेवा. काळा एरिक बिएनेमी कॅन्सस सिटीचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमण सांभाळणारा कोच होता, त्या काळात टीमने दोन सुपर बोल, म्हणजे लीगच्या फायनल, जिंकले, डझनभर टीमनी त्याला इंटरव्ह्यूला बसवलं आणि परत पाठवलं, का तर म्हणे प्ले, म्हणजे मैदानावरच्या चाली, तर हेड कोच अँडी रीडच ठरवतात. त्याच खुर्चीत आधी बसलेले गोरे डग पीडरसन आणि मॅट नेगी मात्र दुसरीकडे हेड कोच झाले, तेव्हा प्ले बहुतेक देव ठरवत असावा. उलट नोव्हेंबर 2022 मध्ये इंडियानापोलिसने जेफ सॅटर्डेला थेट टीव्हीच्या स्टुडिओतून उचलून हंगामी हेड कोच केलं. माजी खेळाडू, कोचिंगचा अनुभव शाळेच्या टीमपुरता, कॉलेजचासुद्धा नाही. एक जिंकला, सात हरला. आणि गंमत बघा, हंगामी नेमणुकीला रूनी रूल लागूच नव्हता, म्हणजे पोह्यांचाही खर्च वाचला.

आणि समजा चुकून काळा कोच नेमलाच, तर धीर धरू नका. ह्यूस्टनने डेव्हिड कलीला एका सीझनमध्ये घरी पाठवलं, मग लव्ही स्मिथ आणला, त्यालाही एकाच सीझनमध्ये. (तिसऱ्या खेपेला डेमेको रायन्स आणला, तोही काळा, आणि तो जिंकायला लागला, पण असली उदाहरणं मीटिंगमध्ये काढायची नसतात.) काळ्या जिम कॉल्डवेलने डेट्रॉइटला चार सीझनमध्ये 36 मॅच जिंकून दिल्या, 28 हरला, शेवटच्या सीझनला 9 जिंकल्या तरी काढला, कारण टीमला आणखी वर जायचं होतं. त्याच्या जागी आलेला मॅट पॅट्रिशिया 13 जिंकला, 29 हरला, एक बरोबरीत, आणि त्याला जवळपास तीन सीझन मिळाले. गोऱ्या कोचला सिस्टीम बसवायला वेळ लागतो हो, समजून घ्यायला पाहिजे.

एवढं करून कुणी केस ठोकलीच तर करारात तरतूद हवी की भांडण लवादाकडे जाईल आणि लवाद म्हणजे लीगचा कमिशनर. त्याचा पगार कोण देतं? तुम्हीच. 2025 मध्ये फ्लोरेसच्या केसमध्ये अपील कोर्टाला ही सोय काही पटली नाही, पण वकील आहेत, काढतील काहीतरी. आणि फ्लोरेसची फार काळजी नको, 2023 मध्ये मिनेसोटाने घेतलं की त्याला. हेड कोच म्हणून नाही हो, डिफेन्स सांभाळायला.