लाउड्रुप पळपुटा होता का? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा लक्षात आलं की निम्मी खरी आहे. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डेन्मार्कचा मायकेल लाउड्रुप फुटबॉलपटू म्हणून थोर होताच, पण कोच म्हणूनही त्याला न्याय मिळाला नाही, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, ही नुसती आरती झाली. १९९२ला माणूस देशाला सोडून बसला, पुढे कोच झाल्यावर एकाही क्लबात धड टिकला नाही. शिवाय टोकियोची पेनल्टी, बार्सिलोना सोडून माद्रिदला जाणं आणि कतारचा पैसा.

पेनल्टीबद्दल आधी कान पकडतो. टोकियोतला १९८५चा इंटरकॉन्टिनेंटल कप, म्हणजे युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्या क्लबांची मॅच: लाउड्रुपचा इटालियन क्लब युव्हेंटस विरुद्ध अर्जेंटिनाचा अर्जेंटिनोस ज्युनियर्स. शूटआउटमध्ये लाउड्रुपने गोल केला असं मी ठोकून दिलं होतं. त्याची पेनल्टी अडवली गेली होती. निर्णायक गोल त्याच्याच संघातल्या प्लातिनीचा. माझ्या डोक्यात त्याआधीचा प्रसंग पक्का बसला होता. मॅच संपायला आठ-दहा मिनिटं उरलेली, युव्हेंटस १-२ने मागे, प्लातिनीचा पास, लाउड्रुप गोलकीपरला चकवून पुढे गेला तो जवळजवळ गोललाइनवरच. तिथून कोन असा उरलाच नव्हता. तरी चेंडू आत. २-२. एवढं बघितल्यावर पुढचं मी मनानेच भरून टाकलं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता १९९२. इथे मी तुमच्याच बाजूचा आहे. कोच रिचर्ड मॉलर निल्सनचा बचावात्मक खेळ पटेना म्हणून १९९०च्या शेवटी तो राष्ट्रीय संघातून बाहेर पडला. धाकटा भाऊ ब्रायनही पडला, पण तो वेळेत परतला. त्या वर्षीच्या युरो स्पर्धेतून युगोस्लाव्हियाला बंदी झाली, डेन्मार्कला ऐनवेळी बोलावणं आलं आणि योटेबोर्गच्या फायनलमध्ये त्यांनी जर्मनीला २-० हरवलं. ब्रायनच्या गळ्यात मेडल, थोरला घरी. हा त्याचा अंदाज साफ चुकला, यात वाद नाही. पण ‘देशाला सोडून’ हे जरा जास्त होतं. १९९३ला तो त्याच मॉलर निल्सनच्या हाताखाली परत आला, आणि १९९५च्या जानेवारीत रियाधमध्ये किंग फहद कपच्या फायनलला अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टी मारली ती यानेच. (ही मात्र आत गेली. तपासून लिहितोय!) १०४ सामने खेळलेल्या माणसाला पळपुटा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बार्सिलोनाहून थेट त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे, रियाल माद्रिदला गेला, हाही तुमच्या यादीतला गुन्हा. अहो, १९९४च्या अथेन्समधल्या चॅम्पियन्स लीगच्या फायनलला परदेशी खेळाडू तीनच चालायचे आणि बार्सिलोनाचा कोच क्रायफने यालाच बाहेर बसवलं. बार्सिलोना मिलानकडून ०-४ हरली. गेला, तर काय चुकलं?

खरं भांडण कोचिंगवरचं आहे. ‘टिकला नाही’ हे मान्य. स्पार्टाक मॉस्कोत सात महिने, तिथलं समर्थन मीही करणार नाही. पण मायोर्का या स्पॅनिश क्लबचा आकडा तुम्ही जसा मांडलात तसा तो नाही. आदल्या मोसमात पाचवा असलेला संघ याच्या हातात सतराव्या नंबरवर आला, बरोबर. त्या पाचव्या नंबरवर मिळालेली युरोपीय स्पर्धेतली जागा मात्र युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, काढून घेतली होती, कारण क्लब दिवाळखोरीत होता. तशा घरात संसार करून त्याने संघ एका गुणाने वरच्या लीगमध्ये राखला. पुढे त्याच्या सहायकाला काढलं, तेव्हा हाही राजीनामा देऊन निघाला. याला तुम्ही पळणं म्हणता, मी म्हणत नाही.

आणि त्याने कोच केलेला गेटाफे तर तुमच्या प्रतिक्रियेत औषधालाही नाही. माद्रिदच्या कुशीतला छोटा क्लब, २००८, युएफा कपची क्वार्टर फायनल, समोर बायर्न म्युनिक. म्युनिकमध्ये १-१. घरच्या मॅचला सहाव्या मिनिटाला गेटाफेच्या दे ला रेदला रेड कार्ड. दहा जणांनी कॉन्त्राच्या गोलवर ८९व्या मिनिटापर्यंत आघाडी टिकवली, मग रिबेरीने बरोबरी केली. जादा वेळ सुरू झाला आणि तीनच मिनिटांत गेटाफेचे दोन गोल, ३-१! कुठलाही कोच इथे दारं-खिडक्या लावून घेतो. पण ११५व्या मिनिटाला गोलकीपरच्या हातून चेंडू निसटला, लुका टोनीने तो आत ढकलला, आणि १२०व्या मिनिटाला पुन्हा टोनीच. ३-३. दोन्ही मॅच मिळून बरोबरी, पण परक्या मैदानावर जास्त गोल केल्यामुळे बायर्न पुढे. रेकॉर्डिंग असल्याने निकाल आधीच ठाऊक होता, तरी शेवटची पाच मिनिटं मी उभ्याने पाहिली. त्याच मोसमात कोपा देल रेची फायनलही हरले, व्हॅलेन्सियाकडून. कपाटात काहीच आलं नाही, म्हणून ते वर्ष वाया गेलं का?

इंग्लिश लीगमध्ये खेळणाऱ्या वेल्सच्या स्वान्सीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, ‘दीड वर्षात हाकलला’. त्या दीड वर्षात वीस लाख पौंडांत आणलेल्या मिचूने लीगमध्ये १८ गोल मारले आणि २०१३ला वेम्बलीवर ब्रॅडफर्डला ५-० हरवून लीग कप आला. क्लबच्या शंभर वर्षांतली पहिली मोठी इंग्लिश ट्रॉफी. हाकलला तेव्हा संघ बारावा होता. खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्याची रेघ दोनच गुणांवर होती, हेही सांगून टाकतो, नाहीतर परत आरती म्हणाल.

कतारच्या पैशाबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिथल्या लेखिवया क्लबला त्याने लीग जिंकून दिली, पण ती मी एकदाही बघितलेली नाही.