आमचं शहर नववं आलं

२८ जानेवारी २०१६ ला केंद्राच्या स्मार्ट सिटी मिशनसाठी शहरं निवडायच्या स्पर्धेचा निकाल लागला आणि पहिल्या फेरीतल्या २० शहरांत सोलापूर देशात नववं आलं. भुवनेश्वर पहिलं, पुणे दुसरं. संध्याकाळी पुण्याच्या मेहुण्याचा अभिनंदनाचा फोन. "नववा नंबर म्हणजे तुमच्या मानानं छानच की हो, दाजी!" स्वतःचा दुसरा नंबर मात्र त्याला एका मार्कानं बोर्ड हुकल्यासारखा लागला होता. पेपर तपासणाऱ्यांवर त्याचा संशय होता.

आणि परीक्षाच होती ती. आधी राज्यातल्या राज्यात चाळणी. कर्मचाऱ्यांचा गेल्या महिन्यापर्यंतचा पगार झालाय? घ्या मार्क. तक्रारी ऑनलाइन घेता? घ्या मार्क. महिन्याचं ई-वार्तापत्र काढता? निदान पहिला अंक तरी काढलात? घ्या मार्क! (पहिला अंक काढून बंद पडलेली नियतकालिकं आम्हीही कॉलेजात चालवली, पण आम्हाला कोणी स्मार्ट म्हटलं नाही.) महाराष्ट्रातून दहा शहरं पुढं गेली. मग देशपातळीचा पेपर, म्हणजे प्रस्ताव. तो तयार करायला केंद्रानं दर शहराला २ कोटी दिले. मोठमोठ्या सल्लागार कंपन्या कामाला लागल्या. आमच्या वेळी गाइड आपल्या पैशानं घ्यावं लागायचं.

लोकसहभागालाही वजन होतं. त्यामुळं त्या दिवसांत गावात जिथं जाल तिथं फॉर्म. आमच्या घरी तो पुतण्याच्या शाळेतून आला. "उद्या भरून नाही नेला तर बाई उभं करतात," असं म्हणून त्यानं तो माझ्या ताटाशेजारी ठेवला. प्रश्न होता, तुमच्या स्वप्नातलं शहर कसं असावं? उत्तराला दोन ओळी. मी झोकात सुरुवात केली : नदीकाठी सायकल ट्रॅक, चौकाचौकात वायफाय...

"गावात नदी कुठाय ओ?" बायको म्हणाली.

खोडून 'तळ्याकाठी' केलं. एक ओळ तिथंच संपली. पाणी तीन-चार दिवसांआड यायचं आणि नेमका तो पाण्याचा दिवस होता. आई पिंपात पाइप धरून बसलेली. तिथूनच म्हणाली, "स्वप्नच विचारलंय नव्हं? मग लिही, रोज पाणी."

"पण मध्यरात्री नको म्हणावं," बायकोनं दुरुस्ती सुचवली. पुतण्यानं बारीक अक्षरात दोन्ही बसवलं आणि खाली माझी सही घेतली.

निवड झाल्यावर खरी मेख कळली. केंद्राचे पाच वर्षांत ५०० कोटी, तेवढेच राज्य आणि पालिकेनं घालायचे, पण बराचसा पैसा शहरातला एक तुकडा निवडून त्यावर लावायचा. सोलापुरात सिद्धेश्वर तलावाचा जुना परिसर धरला. आम्ही जुळे सोलापुरात. म्हणजे शहर पास, आम्ही हद्दीबाहेर! पुण्यानं औंध-बाणेर-बालेवाडी घेतलं. मेहुणा कसब्यात. मी तातडीनं फोन लावून त्याचं अभिनंदन केलं. "आमच्या पेठा मुळातच स्मार्ट आहेत," तो म्हणाला आणि विषय नाशिकवर नेला. नाशिकची माझी बहीण बिचारी पहिल्या फेरीत नापास झाली होती. सप्टेंबरच्या यादीत नाशिक निघालं. सोबत नागपूर, ठाणे, कल्याण-डोंबिवली, औरंगाबादही. तेव्हा तिनं पेढ्याचा फोटो पाठवला. नुसता फोटो.

स्मार्ट सिटी मिशन ३१ मार्च २०२५ ला संपलं, पण शहरांची परीक्षा काही संपत नाही. आता दरवर्षी स्वच्छ सर्वेक्षण असतं. त्यात नागरिकांना फोन करून प्रश्न विचारायचे. एकदा तो फोन आईनं उचलला. पलीकडून मुलीनं अदबीनं विचारलं, "आजी, तुमचं शहर स्वच्छ सर्वेक्षणात भाग घेतंय, हे तुम्हाला माहीत आहे का?"

"हाय की," आई म्हणाली. "आत्ताच तू सांगितलंस."