ॲनी लंडनडेरीची पैज, वाघ आणि जगप्रदक्षिणा

महिला दिन जवळ आला की एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरू लागतो. जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोत सायकल धरून उभी असलेली तरुणी आणि खाली साधारण असा मजकूर: १८९४ साली बोस्टनच्या दोन धनिकांनी पैज लावली, की सायकलवर जग फिरणं बाईला जमायचं नाही. तीन मुलांची आई असलेली ॲनी लंडनडेरी ही साधी गृहिणी पुढे आली. १५ महिन्यांत तिने सायकलवर पृथ्वी पालथी घातली, भारतात वाघांची शिकार केली, चीन-जपान युद्धात गोळी खाल्ली आणि पैज जिंकून घरी आली.

बाई खरी आहे. प्रवासही झाला. पण या मजकुरातला मोठा हिस्सा खुद्द ॲनीनेच तेव्हाच्या वर्तमानपत्रांना पुरवलेला आहे. थोडक्यात, तिची जाहिरात आपण आजही फुकटात पुढे ढकलतो आहोत.

‘साधी गृहिणी’

तिचं नाव ॲनी कोहेन कॉपचॉव्स्की. लॅटव्हियातून लहानपणी बोस्टनला आलेल्या ज्यू कुटुंबातली. नवरा मॅक्स फेरीवाला, मुलं तीन, सगळी लहान. इथवर मेसेज बरोबर आहे. तो गाळतो ती गोष्ट अशी, की ही बाई बोस्टनच्या दैनिकांसाठी जाहिराती मिळवून द्यायचं काम करत होती. दुकानदाराच्या गळ्यात चार ओळींची जागा कशी मारायची, हे ती रोज करत होती. सायकल मात्र तिला निघायच्या काही दिवस आधीपर्यंत चालवताच येत नव्हती!

‘लंडनडेरी’ हे आडनावही विकलेलं आहे. न्यू हॅम्पशायरच्या लंडनडेरी लिथिया स्प्रिंग वॉटर या बाटलीबंद पाण्याच्या कंपनीने तिला १०० डॉलर दिले. बदल्यात सायकलला कंपनीची पाटी आणि प्रवासभर कंपनीचंच नाव. आज खेळाडूंच्या टी-शर्टावर लोगो असतात. या बाईने १८९४ मध्ये अख्खं आडनावच भाड्याने दिलं. बरं, कॉपचॉव्स्की हे ज्यू नाव घेऊन अनोळखी गावांत हिंडण्यापेक्षा ते सोयीचंही होतं.

‘दोन धनिकांची पैज’

इथे मेसेजचा पाया ढासळतो. ते दोन धनिक कोण? मेसेजमध्ये नावं नाहीत, कारण तेव्हाच्या बातम्यांतही ती ठामपणे कुठे नाहीत. पैज लावणारे पुढे आले नाहीत. अटी म्हणून १५ महिन्यांची मुदत आणि वाटेत ५,००० डॉलर कमावणं एवढं सांगितलं जायचं, तेही ॲनीच्याच तोंडून. नंतर पैज जिंकल्याचंही तिनेच जाहीर केलं. अशी पैज खरोखर लागली होती, याचा पुरावा आजवर मिळालेला नाही.

पैजेची हवा करून जगप्रवासाला निघणं ही तेव्हाची रुळलेली युक्ती होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत बोस्टनमध्येच ‘पॉल जोन्स’ असं नाव घेतलेला एक तरुण पैजेच्या गोष्टीवर जग फिरायला निघाला, आणि थोड्याच दिवसांत पैज वगैरे काही नसल्याचं त्याला कबूल करावं लागलं. ॲनी निघाली ती त्यानंतर चारच महिन्यांनी. बोस्टनच्या वर्तमानपत्रांत वावरणाऱ्या बाईच्या नजरेतून ही बातमी सुटली असेल, असं मला वाटत नाही.

‘सायकलवर पृथ्वी पालथी घातली’

बेत पश्चिमेकडे जायचा होता. जूनअखेर बोस्टन सोडलं, तेव्हा अंगावर लांब झगा आणि खाली ४२ पौंडांची, म्हणजे सुमारे १९ किलोंची कोलंबिया सायकल. शिकागोला पोचायला २४ सप्टेंबर उजाडला. पुढच्या डोंगरांत बर्फ पडायच्या आत पार होणं अशक्य होतं, आणि बेत सोडून द्यायची पाळी आली होती. मग तिने झगा सोडून ब्लूमर, म्हणजे बायकांची सैल विजार, चढवली, पुढे तर पुरुषी पोशाखच. सायकलही निम्म्या वजनाची स्टर्लिंग घेतली, पुरुषांसाठी बनवलेली, बिनब्रेकची. आणि दिशा उलटी करून ती न्यूयॉर्कला परतली.

तिथून नोव्हेंबरअखेर बोटीने फ्रान्स. पॅरिस ते मार्सेय हे अंतर भर हिवाळ्यात दोनेक आठवड्यांत, काही सायकलवर, काही रेल्वेने. २० जानेवारी १८९५ ला मार्सेयहून ‘सिडनी’ नावाची आगबोट. यानंतर अलेक्झांड्रिया, पोर्ट सैद, एडन, कोलंबो, सिंगापूर, सायगाव, हाँगकाँग, शांघाय, नागासाकी. बोट लागेल तिथे सायकल उतरवायची, गावात मिरवायची, पुन्हा बोटीवर. ९ मार्चला योकोहामा सोडलं आणि २३ मार्चला ती सॅन फ्रान्सिस्कोत होती. म्हणजे आशिया खंड तिने डेकवरून पाहिला.

समुद्र ओलांडायला बोट सगळ्यांनाच लागते, त्यात फसवणूक नाही. तिच्या दहा वर्षं आधी सायकलवर जग फिरायला निघालेल्या थॉमस स्टीव्हन्सलाही लागली. अफगाणिस्तानात अडवून परत पाठवल्यावर तो समुद्रमार्गे कराचीत आला. पण त्यानंतर १८८६ मध्ये त्याने त्या उंच चाकाच्या सायकलवर ग्रँड ट्रंक रोडने कलकत्ता गाठलं. जमिनीवरून आशिया म्हणजे काय, हे असाच सायकलवर निघालेल्या पिट्सबर्गच्या फ्रँक लेंझवरून कळतं: ॲनी निघायच्या महिनाभर आधी तो तुर्कस्तानात एर्झुरूमच्या वाटेवर मारला गेला. आणि आपल्याकडचंच मोजमाप हवं असेल, तर १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे जग फिरून परतले ते मार्च १९२८ मध्ये. एवढा वेळ लागतो. आपल्या ग्रुपांवर त्यांचा फोटो कधी येत नाही, ते सोडा.

‘भारतात वाघ मारले, युद्धात गोळी खाल्ली’

वर दिलेल्या तारखा पुन्हा पाहा. मार्सेय सोडल्यापासून योकोहामा सोडेपर्यंत ४८ दिवस. तेवढ्या अंतराचा त्या काळच्या आगबोटीचा प्रवासच महिन्याहून जास्त. उरलेल्या थोड्या दिवसांत भारतात उतरायचं, जर्मन राजघराण्यातल्या मंडळींबरोबर बंगालचे वाघ टिपायचे (होय, मूळ थाप इतकी सविस्तर आहे), मग चीनमध्ये रणभूमीवर जायचं, खांद्यात गोळी घ्यायची, जपानी तुरुंगात पडायचं, सुटायचं आणि बोट गाठायची. शिकारीचा नुसता हाका घालायलाही सवड पुरली नसती.

ही थाप एकटी नव्हती. फ्रान्समधल्या बातमीदारांना तिने आपण अनाथ आहोत, श्रीमंत वारसदार आहोत, हार्वर्डची वैद्यकीय विद्यार्थिनी आहोत, वकील आहोत, असं समोरचा माणूस पाहून वेगवेगळं सांगितलं. नवरा आणि तीन मुलं यांचा उल्लेख मात्र सहसा नसे. परतल्यावर व्याख्यानांना तिकीट लावून गर्दी जमवायची तर वाघ आणि गोळ्या लागणारच. सह्या केलेले फोटो विकायचे, सायकलवर आणि अंगावर जाहिरातींच्या पट्ट्या लावायच्या, हे चालूच होतं.

‘म्हणजे सगळं खोटंच’

हा दावा मेसेजमध्ये नाही, त्याखाली येणाऱ्या उत्तरांत असतो: बोटीने फिरली, थापा मारल्या, नुसती बनवाबनवी. हेही चुकीचं आहे. बोस्टन ते शिकागो हा रस्ता पहिल्यांदाच सायकल हाती घेतलेल्या बाईने १९ किलोंच्या सायकलवर कापला. परतीचा टप्पा तर सर्वांत खडतर. सॅन फ्रान्सिस्कोहून कॅलिफोर्निया उतरून ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून एल पासो, तिथून उत्तरेला डेन्व्हर आणि शायेन. नेब्रास्कात रस्ते चिखलाने भरले होते, म्हणून तेवढं तिने आगगाडीने गाठलं. आयोवात डुकरांच्या कळपावर आदळून मनगट मोडलं. तरीही १२ सप्टेंबर १८९५ ला, तिने स्वतःच सांगितलेल्या मुदतीच्या आत, जिथून दिशा उलटवली होती त्या शिकागोत ती पुन्हा पोचली. निव्वळ थापांवर निभावायचं असतं, तर सॅन फ्रान्सिस्कोहून शिकागोपर्यंत सरळ आगगाडी होतीच.