बापूकाकांच्या म्यानमार फॉरवर्डला उत्तर

बापूकाका, तुम्ही काल टाकलेला म्यानमारचा फॉरवर्ड आज खेडच्या ग्रुपवर आला आणि दुपारी मालवणच्याही. म्हणून उत्तर खासगीत न देता इथेच देते. फॉरवर्ड म्हणतो: रोहिंग्या मुसलमानांवरच्या अत्याचाराच्या बातम्या परदेशी पैशावर चालणाऱ्यांनी रचल्या, त्या लंडनमध्ये बसून लिहिल्या, हिंदूंची कत्तल दडवली, आणि खरं काय ते खालच्या फोटोत बघा.

परदेशी पैसा आहे, ते मान्य. रेडिओ फ्री एशियाला अमेरिकी संसद पैसे द्यायची, डेमोक्रॅटिक व्हॉइस ऑफ बर्मा (डीव्हीबी) १९९२ मध्ये नॉर्वेतून सुरू झालं, बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसला ब्रिटिश सरकारचं अनुदान मिळतं. बर्माची, म्हणजे आजच्या म्यानमारची, बातमी स्वार्थासाठी कशी रंगवतात, हे आपल्या रत्नागिरीला कुणी शिकवायला नको. बर्माचा शेवटचा राजा थिबा, ज्याला इंग्रजांनी पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं, त्याला इंग्रजी पेपरांनी दारुडा आणि खुनशी ठरवलं, आणि १८८५ च्या युद्धाचं निमित्त निघालं बॉम्बे बर्मा कंपनीला सागवानावरून झालेल्या दंडाचं. पण १८७९ मध्ये त्याच्या राजवाड्यात भाऊबंदांची कत्तल झाली होती, ती काही पेपरवाल्यांनी रचलेली नव्हती. छापणाऱ्याचा मतलब पक्का असूनही घटना खरी निघते, ती अशी.

बरं, हे सगळे एका सुरात बोलतात म्हणावं तर तेही नाही. 'रोहिंग्या' शब्द वापरू नका, असा म्यानमार सरकारचा दट्ट्या २०१८ मध्ये आला तेव्हा रेडिओ फ्री एशियाने डीव्हीबीच्या वाहिनीवरचे आपले कार्यक्रम बंद केले, पण शब्द सोडला नाही. डीव्हीबीने मात्र प्रसारण चालूच ठेवलं.

आता लंडनचं. इन दिन हे म्यानमारच्या राखाइन प्रांतातलं किनाऱ्यालगतचं गाव. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथे दहा रोहिंग्या पुरुषांना मारून एकाच खड्ड्यात पुरलं. हे शोधून काढलं 'वा लोन' आणि 'क्यॉ सो ऊ' या दोन पत्रकारांनी. दोघेही म्यानमारचे, दोघेही बौद्ध, क्यॉ सो ऊ तर राखाइनचाच. दहाही जण ओळीने गुडघ्यांवर बसलेत, हा फोटो त्यांना गावातल्याच एका बौद्ध वडीलधाऱ्याने दिला. खड्डा खणल्याचं आणि मारल्याचं कबूल केलं तेही बौद्ध गावकऱ्यांनीच. हे दोघे पत्रकार काम करत होते रॉयटर्स वृत्तसंस्थेसाठी, आणि रॉयटर्स ही धंदा करणारी कंपनी आहे, कुठल्या सरकारचं खातं नव्हे. जानेवारी २०१८ मध्ये खुद्द लष्कराने हत्या कबूल केली. सात सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा झाली, ते वर्षाच्या आत बाहेर. पत्रकारांना ब्रिटिशांच्या १९२३ च्या गोपनीयता कायद्याखाली सात वर्षं, आणि माफी मिळून सुटेपर्यंत ते पाचशेहून जास्त दिवस आत होते. म्हणजे मारणाऱ्यांपेक्षा लिहिणारे जास्त दिवस तुरुंगात.

हिंदूंची बातमी दडवली? ऑगस्ट २०१७ मध्ये राखाइनमधल्याच खा माउंग सेइकमध्ये आर्सा या रोहिंग्या सशस्त्र गटाने हिंदूंना मारलं, हे खरं आहे. सप्टेंबरात प्रेतं सापडली तेव्हा परदेशी वृत्तसंस्थांनी ती बातमी दिली होती, आणि मे २०१८ मध्ये ९९ पर्यंत हिंदू मारले गेल्याचा अहवाल आला तो ॲम्नेस्टी या मानवाधिकार संस्थेचा, म्हणजे परदेशीच. या बातमीला जागा कमी मिळाली, ही तक्रार माझीही आहे. पण निसर्ग वादळात मुंबईचे कॅमेरे अलिबागला उभे होते आणि मंडणगड-दापोलीतल्या आडव्या पडलेल्या सुपारीच्या बागा कितीतरी दिवसांनी टीव्हीवर आल्या. त्यावरून अलिबागचं वादळ खोटं होतं, असं तुम्ही म्हणाला नव्हता.

राहिला फोटो. शेतीचं अवजार घेतलेला माणूस आणि त्याच्या पायाशी दोन प्रेतं, खाली 'बंगाल्यांनी मारलेले स्थानिक' (म्यानमारचं लष्कर रोहिंग्यांना 'बंगाली' म्हणतं). हाच फोटो म्यानमार लष्कराने २०१८ मध्ये काढलेल्या पुस्तकात होता. तो १९७१ च्या बांगलादेश युद्धातला आहे. त्याच पुस्तकात घुसखोर म्हणून छापलेले लोक हे रवांडातले निर्वासित निघाले, मूळ रंगीत फोटो काळापांढरा केलेला. सप्टेंबर २०१८ मध्ये लष्कराने या दोन्ही फोटोंबद्दल माफी मागितली.

आधीच्याच वर्षी परदेशी पत्रकारांना सरकारी दौऱ्यावर नेऊन 'मुसलमान स्वतःचीच घरं जाळताहेत' असे फोटो दाखवले होते. त्यातल्या बायकांनी डोक्यावर जाळीदार टेबलक्लॉथसारखं काहीतरी घेतलं होतं. बीबीसीच्या बातमीदाराला त्यातली एक ओळखू आली. घर सोडावं लागलेल्या हिंदूंना ठेवलेल्या शाळेत त्याला भेटलेली हिंदू बाई होती ती. दुसऱ्या बाजूनेही हेच चाललं होतं. तुर्कस्तानच्या उपपंतप्रधानाने रोहिंग्यांच्या नावाने भलतेच फोटो टाकले, मग काढले. तेही चव्हाट्यावर आणणाऱ्यांत बीबीसी होतीच.

काका, फोटोवर बोट दाबून धरलंत तर 'सर्वांसाठी हटवा' अजून दिसेल. खेडवाल्यांना मी सांगते. मालवणचा ग्रुप तुमच्या व्याह्यांचा, तिथे तुम्हीच सांगा.